अटकळ आणि तात्पर्य

मुलांना गोष्टी वाचावयास शिकवितांना दोन प्रश्न विचारण्याची पद्धति अलीकडे आपल्या प्राथमिक शाळांतून रूढ होत आहे. गोष्ट अर्ध्यावर थांबवून शिक्षक विचारतो, "आतां पुढें काय होईल?" आणि गोष्ट संपल्यावर विचारतो, "ह्या गोष्टीची मध्यवर्ती कल्पना कोणती?" पहिल्या प्रश्नानें मुलाची अनुमानशक्ति जागी व्हावी व दुसऱ्यानें अनेक प्रसंगांतून एक सूत्र ओवण्याची संवय त्याला लागावी, हा हेतु. हेतु चांगला आहे. प्रश्नहि चांगले आहेत. परंतु प्रश्नाचें उत्तर विचारणाऱ्याच्या खिशांत आधींच लिहून ठेविलेलें असलें, म्हणजे तो प्रश्न राहत नाहीं; त्याचा सापळा होतो. ह्या सापळ्यांत सर्वांत आधीं कोणतें मूल सांपडतें, ह्याचा विचार करण्यासाठीं हा लेख लिहीत आहों.

हा विषय शिक्षणशास्त्र्यांचा. वाङ्मयविषयक मासिकाला त्याच्याशीं काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. पण कथेचा ओघ कोठें वळेल हें ओळखणें व तिचें मर्म शोधणें, हें टीकाकाराचेंच काम होय. आठ वर्षांच्या मुलाला हें काम सांगतांना आपण त्याच्या हातीं टीकाशास्त्राचीं पहिलीं दोन हत्यारें देत असतों. तीं कशीं द्यावींत, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वर्गापेक्षां चंद्रपूर व गडचिरोली ह्या जंगलव्याप्त जिल्ह्यांतील वर्गांत अधिक स्पष्ट दिसतो. १९८२ सालच्या ऑगस्टच्या २६ तारखेपर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. झाडीबोली, गोंडी, माडिया, कोलामी, तेलुगु आणि निर्वासितांच्या वसाहतींतील बंगाली, इतक्या भाषांचीं मुलें येथें एकाच मराठी पाठ्यपुस्तकाच्या गोष्टी वाचतात. पुस्तक एक, पण त्याच्या पानावर मान वाकविणारीं डोकीं निरनिराळ्या जगांतून आलेलीं.

प्रथम तात्पर्याकडे वळूं. मराठींतील आरंभींच्या छापील पुस्तकांत इसापाच्या कथांना मोठें स्थान आहे. तंजावरास सरफोजी राजांच्या आश्रयानें १८०६ सालीं 'बालबोधमुक्तावलि' छापली गेली; मुंबईस सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांची 'इसापनीतिकथा' १८२८ सालीं निघाली. तेव्हांपासून गोष्ट म्हटली कीं तिच्याखालीं 'तात्पर्य' असावयाचेंच, असा आपला ग्रह झाला. मूल गोष्ट वाचतें, तात्पर्य पाठ करतें, व परीक्षेंत पाठ केलेलें उतरवून काढतें. आजच्या 'मध्यवर्ती कल्पने'नें ह्या तात्पर्याचा अंगरखा बदलला. पण पुष्कळ ठिकाणीं आंतला देह तोच आहे.

वास्तविक आपल्याच परंपरेंत ह्याहून शहाणी रीति होती. पंचतंत्रांतील विष्णुशर्म्यापुढें आलेले तीन राजपुत्र सर्वांनीं मंद ठरविलेले होते, आणि त्यानें सहा महिन्यांत त्यांना शहाणें केलें तें गोष्टी सांगून. पण त्या गोष्टींची ठेवण पहावी. तेथें सूत्र अगोदर येतें: अमक्यानें असें केलें म्हणून तमक्यासारखा त्याचा नाश झाला, असें एक पात्र म्हणतें. ऐकणारें पात्र विचारतें, तें कसें? आणि मग गोष्ट सुरू होते. म्हणजे शेवट आधींच ठाऊक. औत्सुक्य आहे तें शेवटापर्यंतच्या वाटेचें. दुसरें असें कीं, तेथें तात्पर्य सांगणारा कोणी त्रयस्थ गुरु नव्हे. पिंगलक सिंह व संजीवक बैल ह्यांची मैत्री तोडणारा दमनक कोल्हा एकाहून एक शहाणपणाच्या गोष्टी सांगतो, आणि त्या सांगून अखेर बैलाचा घात घडवून आणतो. तात्पर्य खरें असूनहि सांगणाऱ्याचा हेतु खोटा असूं शकतो, ही गोष्ट त्या राजपुत्रांना शिकावयास मिळाली. आमच्या मुलांना ती मिळत नाहीं, कारण त्यांच्या पुस्तकांत तात्पर्य कोण सांगतो व कशासाठीं, हें विचारण्याची सोयच ठेविलेली नसते.

आतां अटकळीकडे. तिच्यासाठीं चंद्रपुराचीच एक गोष्ट घेऊं. त्या नगराच्या स्थापनेची दंतकथा तिकडे सर्वश्रुत आहे. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा. त्याच्या अंगभर खांडकें उठलेलीं. कोणतेंहि औषध लागूं पडेना. एकदां रानांत हिंडतांना त्याला तहान लागली. झरपट नदीचें पात्र कोरडें. एका खळग्यांत मात्र थोडें पाणी होतें. तें पिऊन त्यानें हातपाय धुतले. त्या रात्रीं त्याला गाढ झोंप लागली, आणि राणी पाहते तों पाणी लागलें तेथलीं खांडकें नाहींशीं झालेलीं. पुढें त्या स्थळीं अचलेश्वराचें देऊळ उभें राहिलें. कांहीं दिवसांनीं राजा त्याच बाजूला गेला असतां झुडपांतून एक ससा निघाला, आणि कुत्र्यानें त्याच्या मागें लागावें तर ससाच कुत्र्याच्या मागें लागला. राजानें हें नवल घरीं येऊन राणीला सांगितलें. राणीनें तो शुभशकुन मानला. तेथें नगर वसवावें व ससा ज्या वाटेनें धांवला त्या वाटेनें कोट घालावा, असा सल्ला तिनें दिला. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात. कोणी म्हणतात, सशाच्या कपाळीं चंद्रासारखा पांढरा ठिपका होता, म्हणून नगराचें नांव चंद्रपूर. कोणी म्हणतात, अखेर कुत्र्यानें उलटून सशाला मारलें, आणि जेथें मारलें ती जागा कोटाला धोक्याची राहील, असें राणीनें बजावलें.

ही गोष्ट वर्गांत सांगतांना शिक्षकानें तीन ठिकाणीं थांबावें. पहिला थांबा कोरड्या पात्रांतील पाण्यापाशीं. येथें पुष्कळ मुलें म्हणतील, ह्या पाण्यानें राजा बरा होईल. असें कां, म्हणून विचारावें. कोणतेंहि औषध लागूं पडेना, हें वाक्य गोष्टीनें आरंभींच सांगितलें आहे. आणि गोष्ट जें अगोदर सांगून ठेवते तें उगीच सांगत नाहीं. हें ज्या मुलाला कळलें त्याला कथेच्या रचनेचा पहिला नियम कळला, मग त्याला 'रचना' हा शब्द ठाऊक असो वा नसो.

दुसरा थांबा ससा झुडपांतून निघतो तेथें. आतां काय होईल? कुत्रा त्याच्या मागें लागेल, असें सर्व वर्ग एकमुखानें सांगेल. आणि सर्व वर्ग चुकेल. पण ही चूक म्हणजेच येथें समजुतीची खूण आहे. कुत्रा सशामागें धांवतो, हें मनांत पक्कें असल्यावांचून ससा कुत्र्यामागें धांवल्याचें नवल वाटणार नाहीं. गोष्टीला आपली अटकळ हवी असते ती खोटी पाडण्यासाठीं. म्हणून अटकळीला 'बरोबर' अथवा 'चूक' अशी खूण करणें हें गोष्टीचा स्वभाव न जाणल्याचें लक्षण होय. अटकळीची परीक्षा एकाच गोष्टीवरून करावी: ती गोष्टींतल्या कोणत्या आधारावर उभी आहे?

एखादें मूल मात्र म्हणेल, ससाच कुत्र्यावर उलटेल. हें त्याला कसें कळलें? अहमदाबादेच्या स्थापनेची अशीच कथा सांगतात, विजयनगराच्या स्थापनेचीहि सांगतात. तेथेंहि ससा शिकारी कुत्र्यांवर चालून जातो. त्या मुलानें त्यांतली एखादी ऐकली असेल. ह्यावरून अटकळीचे दोन झरे दिसतात: एक पाहिलेल्या जगाचा व दुसरा ऐकलेल्या गोष्टींचा. पहिल्यानें सशाचें भय कळतें, दुसऱ्यानें गोष्टींतल्या सशाचें धैर्य. ज्या मुलानें पुष्कळ गोष्टी ऐकल्या तें दुसऱ्या झऱ्याचें पाणी पितें, आणि आपण त्याला हुशार म्हणतों. ज्यानें त्या आपल्या भाषेंत ऐकल्या नाहींत त्याला आपण मंद म्हणतों. विष्णुशर्म्याकडे आलेल्या राजपुत्रांनाहि लोक तसेंच म्हणत होते.

तिसरा थांबा राजा घरीं येतो तेथें. राणी काय म्हणेल? ह्या प्रश्नाबरोबर आपण मध्यवर्ती कल्पनेच्या अंगणांत येतों. ह्या कथेचें मर्म काय? भूमीच्या गुणानें भित्राहि शूर होतो, असें एक उत्तर. दुसरें असें कीं, नवल राजानें पाहिलें पण त्याचा अर्थ राणीनें वाचला. तेव्हां ही कथा पाहणें आणि ओळखणें ह्यांतील अंतराची आहे. ज्या सांगण्यांत ससा अखेर मरतो तें घेतलें, तर तिसरें उत्तर निघतें: ज्या शौर्यावर नगर उभें राहिलें त्याच शौर्याच्या शेवटाची जागाहि कोटांत राखून ठेविली आहे. तिन्ही उत्तरांना कथेचा आधार आहे. 'राजानें प्राण्यांवर दया करावी' ह्या उत्तराला मात्र नाहीं. तें मूल पूर्वींच्या कोणत्या तरी पाठांतून उचलून आणतें, आणि तें बोधपर वाटत असल्यामुळें त्यालाच पुरे गुण मिळण्याचा संभव अधिक. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा ह्या वेशींचा कोट चंद्रपुरांत अद्याप उभा आहे. इतकी गोष्ट सांगून मुलांना त्या कोटाच्या कडेनें चालवत नेलें, तर ससा कसा धांवला असेल ह्याची चर्चा त्यांना शिकवावी लागणार नाहीं.

दुसरें उदाहरण थोडें कठीण आहे. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट कोणाला ठाऊक नाहीं? पोरगा दोनदां खोटेंच ओरडतो, गांवकरी फसतात. तिसऱ्यांदा लांडगा खरोखरच येतो, आणि कोणी धांवून जात नाहीं. तात्पर्य: खोटें बोलूं नये. हीच गोष्ट ताडोब्याच्या कडेला असलेल्या गांवांतील वर्गांत वाचली जात आहे, अशी कल्पना करावी. ताडोबा हें महाराष्ट्रांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान. तें १९५५ सालीं झालें, आणि अंधारी अभयारण्यासह तेथें १९९५ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. त्या गांवांत गुरें राखणें, मोहफुलें वेंचणें, तेंदूपानें तोडणें हें सारें वाघाच्या शेजारांत चालतें, आणि वाघानें माणूस मारल्याच्या बातम्या त्या मुलांच्या घरांत वर्तमानपत्राच्या आधीं पोंचतात. तिसऱ्या हांकेपाशीं गोष्ट थांबवून विचारलें, "आतां गांवकरी काय करतील?" तर तेथलें मूल जर म्हणालें, "काठ्या घेऊन धांवतील", तर तें चुकलें काय? पुस्तकाच्या हिशेबीं चुकलें. पण रानालगतच्या गांवांत हांक खोटी कीं खरी ह्याची शहानिशा धांवून गेल्यावर करावयाची असते. त्या मुलाच्या दृष्टीनें ह्या गोष्टीचें मर्म पोराच्या लबाडीइतकेंच गांवाच्या चुकींतहि आहे. आणि गोष्ट पुन्हां वाचून पाहिली तर तिच्यांत ह्याला आधार सांपडतो: मेंढ्या गांवाच्या होत्या. पोराला धडा शिकविण्याच्या भरांत गांवानें आपलाच कळप गमावला. दोनशें वर्षें आपण ही गोष्ट मुलांना सांगत आलों. पण तिच्यांतील गांवकऱ्यांना जाब विचारावा, असें आपल्याला सुचलें नाहीं, कारण आपल्या दाराशीं लांडगा येत नव्हता.

वाचकाचें जग त्याच्या वाचनांत कसें शिरतें, ह्याचे पुरावे शास्त्रीय संशोधनांतहि आहेत. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ बार्टलेट ह्यांनीं १९३२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अमेरिकेंतील आदिवासींची एक भुतांची कथा इंग्रज वाचकांना देऊन ती पुन्हां पुन्हां आठवावयास लाविल्याचा वृत्तांत आहे. वाचकांनीं नकळत त्या कथेंतील अनोळखी गोष्टी गाळल्या, परिचित घातल्या, आणि तिला आपल्याकडील कथेसारखी सरळ केली. लॉरा बोहॅनन ह्या मानवशास्त्रज्ञ विदुषीनें १९६६ सालच्या एका निबंधांत, पश्चिम आफ्रिकेंतील टिव्ह जमातीच्या वडीलधाऱ्यांना हॅम्लेटची कथा सांगितली तेव्हां काय झालें, हें मोठ्या गमतीनें वर्णिलें आहे: मृत भावाच्या विधवेशीं दिरानें लगेच लग्न केलें, हें त्यांना अगदीं योग्य वाटलें, आणि तेथूनच नाटकाचा सारा अर्थ फिरला. स्टेफन्सन, जोगदेव व अँडरसन ह्यांनीं १९७९ सालीं भारतीय व अमेरिकन वाचकांना दोन्ही देशांतील लग्नांचें वर्णन वाचावयास दिलें. अमेरिकन वधूनें आजीचा लग्नांतला पोषाख घालणें हा तिकडे मानाचा भाग. एका भारतीय वाचकाच्या आठवणींत मात्र तो पोषाख जुनाट व चालीबाहेरचा म्हणून उतरला. हे सर्व वाचक प्रौढ व समजदार होते. त्यांच्याकडून जें घडलें तें भामरागडच्या नऊ वर्षांच्या मुलाकडून घडलें, तर त्याला आपण 'आकलन कमी' असा शेरा कां द्यावा?

येथें एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. प्रत्येकाचें जग निराळें म्हणून प्रत्येकाचें उत्तर खरें मानलें, तर शिकवावयाचें काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. साक्षीदार गोष्ट हाच आहे. मुलानें तिच्याकडे बोट दाखवून आपलें म्हणणें सिद्ध करावें. 'मेंढ्या गांवाच्या होत्या' असें दाखविणारें मूल जिंकतें. 'मला तसें वाटतें' एवढेंच म्हणणारें अजून जिंकलेलें नाहीं. मात्र हा नियम शिक्षकालाहि लागू असावा. मार्गदर्शिकेंत छापलेलें तात्पर्य गोष्टींत दाखवितां आलें पाहिजे. तें छापलेलें आहे, हा पुरावा नव्हे.

आतां भाषेचा प्रश्न. भामरागड तालुक्यांत हेमलकसा येथें बाबा आमटे ह्यांनीं १९७३ सालच्या डिसेंबरांत लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे ह्यांच्या देखरेखीखालीं १९७६ सालीं तेथें आश्रमशाळा निघाली. शाळेंत येणाऱ्या मुलांची भाषा माडिया, ती द्राविडी कुळांतील, पुस्तकांची मराठी. गोष्टीचा पुढचा भाग ओळखण्यास मन मोकळें असावें लागतें, आणि ज्या भाषेंत शब्दच चाचपडावे लागतात तींत मन मोकळें राहत नाहीं. मूल गप्प बसतें. त्या गप्पपणाचा अर्थ अटकळ नाहीं असा नसून, अटकळ आहे पण ती सांगावयास मराठी नाहीं, असा असूं शकतो. अशा वर्गांत अटकळ माडियांत करूं द्यावी, व वाचन मराठींत. शिक्षकाला माडिया येत नसेल तर वर्गांतील मोठ्या मुलानें दुभाष्याचें काम करावें. २०१८ सालीं सीजीनेट स्वर व प्रथम बुक्स ह्यांच्या प्रयत्नानें मुलांच्या गोष्टी गोंडींत आल्या. अशा पुस्तकांचा उपयोग ह्याच कामीं व्हावयास हवा.

आणि ह्या मुलुखाला कथेचें वळण नाहीं, असें कोणी म्हणूं नये. भाताची कापणी झाली कीं झाडीपट्टींत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हें त्या मंडळ्यांचें केंद्र. गांवोगांव मंडप पडतात, आणि आईच्या मांडीवरच्या पोरापासून आजोबापर्यंत सारें गांव रात्रभर जागून नाटक पाहतें. ह्या रंगभूमीवरील ज्येष्ठ नट परशुराम खुणे ह्यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. जें मूल पहांटेपर्यंत जागून, खलनायकानें पत्र लपविलें म्हणजे तें तिसऱ्या अंकांत सांपडणार हें शेजारच्याला सांगतें, तेंच सकाळीं शाळेंत 'पुढें काय होईल?' ह्या प्रश्नाला गप्प राहत असेल, तर दोष त्याच्या अनुमानशक्तींत शोधूं नये.

मूळ पद्धतीकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. पॅलिन्स्कर व ब्राऊन ह्या दोन विदुषींनीं १९८४ सालीं मांडलेल्या परस्पर-अध्यापनांत अटकळ बांधणें, प्रश्न विचारणें, शंका सोडविणें व सार सांगणें अशीं चार कामें होतीं, आणि तीं संभाषणांत चालत. प्रथम शिक्षक करून दाखवी, मग हळूहळू मुलें शिक्षकाची जागा घेत. आमच्याकडे येतांना संभाषण मागें राहिलें व गाळलेल्या जागा पुढें आल्या. 'असर' ह्या पाहणीची २००५ पासून चालत आलेली मूळ वाचनचांचणी मूल दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचूं शकतें कीं नाहीं, एवढें पाहते. ती तेवढ्याचसाठीं आहे आणि तेवढ्यापुरती उपयोगी आहे. पण गोष्ट मोठ्यानें वाचतां आली म्हणजे ती पोंचली, असें समजण्याची चूक पाहणीची नसून आपली आहे.

शेवटीं एक पथ्य. प्रत्येक पानावर थांबून 'पुढें काय?' विचारल्यानें गोष्टीचें कोडें होतें, आणि कोडें एकदां सुटलें कीं पुन्हां कोणी घालीत नाहीं. मुलांना तर ठाऊक असलेलीच गोष्ट पुन्हां पुन्हां हवी असते, आणि तींत एक शब्द बदलला तरी तीं अडवितात. तेव्हां अटकळ पहिल्या वाचनांत दोन-तीन ठिकाणीं पुरे. मर्माचा प्रश्न पहिल्या दिवशीं विचारूंच नये. गोष्ट दोनदां-तीनदां वाचून झाल्यावर, शेवट ठाऊक असलेल्या मुलाला तो विचारावा. एकाच शिक्षकाकडे दोन-दोन, चार-चार इयत्ता असतात, त्याला एवढा वेळ कोठून मिळावा, हेंहि आम्ही जाणतों. पण दहा गोष्टी तात्पर्यासह उरकण्यापेक्षां तीन गोष्टी अशा वाचल्या, तर त्याचा वेळ वांचेल असें आमचें मत आहे.

चंद्रपुराच्या राजानें जें पाहिलें तें त्याच्या अनुभवाबाहेरचें होतें. डोळ्यांचा भ्रम म्हणून त्याला तें सोडून देतां आलें असतें. पण त्यानें तें घरीं येऊन जसेंच्या तसें सांगितलें, आणि राणीनें तें ऐकून घेतलें. वर्गांत एखाद्या मुलाची अटकळ आपल्या अपेक्षेच्या उलट धांवत आली, तर शिक्षकानें निदान तेवढें करावें: तिला लगेच माघारी वळवूं नये, ती कोणत्या वाटेनें आली, हें त्या मुलालाच विचारावें.